हवा चाखणारा

स्प्लिट बंदर, क्रोएशिया
४ जून २०२३

जेकबकाका,

सलाम. तब्येतीचं विचारत नाय, कारण ‘बरी आहे’ याच्यापलीकडं तुम्ही काय लिहिणार नाय. माझी बरी हाय. डोकं तेवढं फिरलंय.

फोनवर बोलायची सोय तुमच्या कानांनी ठेवली नाय, म्हणून हा कागद. याचा फोटो काढून आमच्या बहिणाबाईला, इशरतला पाठवतो. ती अष्टमीहून पेणला शाळेत शिकवायला येते तेव्हा गणेशच्या झेरॉक्सवर छापून तुमच्या हातात देईल. तुम्ही उत्तर लिहा आणि तिच्याकडंच द्या. पाहुणे बोटीवर असले की आमचे फोन कप्तानाच्या कपाटात असतात. रविवारी बंदरात लागलो की दोन-तीन तास मिळतात, तेवढ्यात काय ते.

तर बोट. अशी बोट धरमतरच्या खाडीत कुणी आणून लावली तर लोक चपला काढून चढतील. सगळीकडं पांढरं. वर झोपायच्या गाद्या, मागं पाण्यात उतरायला पायऱ्या, आणि पायऱ्यांशेजारी माझी खोली, म्हणजे कॉम्प्रेसर आणि चोवीस सिलिंडर. एका डेन्मार्कच्या मंडळीनं पुरा जून महिना बोट भाड्यानं घेतलीय. आठ जणं. सकाळी पाठीवर सिलिंडर बांधून एका बेटापाशी डुबतात, जेवतात, झोपतात, दुपारी दुसऱ्या बेटापाशी डुबतात. खाली बघायला काय, तर मासे आणि एक जुनं बुडालेलं जहाज. पाणी एवढं स्वच्छ की वरून तळाचा दगड दिसतो. आपण सहा वर्षं धरमतरच्या गाळात डोळे मिटून बार्जच्या पंख्यातली जाळी सोडवली, हे यांना सांगितलं तर खोटं वाटेल. मला मात्र पाण्यात पाय घालायची परवानगी नाय. हवा भरायची आणि गप्प उभं राहायचं.

आता मुद्द्याचं. परवा सकाळी मी नेहमीसारखं केलं. सिलिंडर भरले, एकेकाला नळी जोडली, नळीच्या टोकाचं रबर तोंडात धरलं, हवा चाखली. तुम्ही शिकवलं तसं, मोजून वीस श्वास. त्या मंडळीतला एक हेन्रिक म्हणून दातांचा डॉक्टर हाय. त्यानं पायऱ्यांवरून बघितलं. त्याच्या तोंडात जाणारं रबर माझ्या तोंडात! झालं. तो कप्तानाकडं गेला, कप्तानानं मला बोलावलं आणि लेखी ताकीद दिली. पाहुण्यांच्या सामानाला तोंड लावायचं नाय. मी म्हटलं, धुऊन ठेवतो. तर म्हणे प्रश्न धुण्याचा नाय.

हवा तपासायचं मीटर बोटीवर हाय. बंद पडलंय. नवीन मागवलंय म्हणतात.

काय करू सांगा. तुम्हाला माहीतच हाय, या कप्तानाचा चार महिन्यांचा दाखला मिळाला तरच मला इंजिनियरच्या परीक्षेला बसता येणार. नायतर जन्मभर मदतनीस.

मन्सूर


पेण
७ जून २०२३

मन्सूर पोरा,

शालोम. तुझा कागद मिळाला. इशरतने आणून दिला आणि मी वाचेपर्यंत उभी राहिली. चहा घे म्हटलं तर शाळेची घंटा झाली म्हणाली. मला घंटा ऐकू येत नाही, त्यामुळे खरं-खोटं तिलाच ठाऊक.

तू माणसांचं जेवण बनवत नाहीस, हवा बनवतोस. जेवण बिघडलं तर माणूस परसाकडे पळतो. हवा बिघडली तर पाण्याखालून कुठे पळणार? चाखल्याशिवाय कुणाच्या तोंडात द्यायची नाही. ही माझ्या बापापासून चालत आलेली रीत आहे आणि ती कप्तानाला विचारून सुरू झालेली नाही.

दातांच्या डॉक्टरला लोकांच्या तोंडाची घाण वाटते हे एक नवलच. पण त्याचंही चूक नाही. उष्टं ते उष्टं. तू असं कर, स्वतःचं वेगळं रबर विकत घे. प्रत्येक सिलिंडरला ते लाव, चाख, काढ. त्यांचं त्यांना कोरडं राहील. एवढं साधं तुला सुचलं नाही याचाच मला राग आला.

दुसरं म्हणजे नुसती हवा चाखून भागत नाही. कॉम्प्रेसर हवा कुठून ओढतो ते बघ. वारा कुठून आहे ते बघ. धरमतरला तू हे झोपेतही करायचास. तिथे गाद्या बघून विसरलास काय?

इथे पावसाळ्यात बार्जांची कामं कमी. मी जेटीवर जातो, बसतो, येतो. पोरांना काही सांगायला गेलं तर म्हणतात, काका, आता नवीन मशिनं आलीत. मशीन नवीन असतं, हवा जुनीच असते, हे त्यांना कुणी सांगायचं?

दाखल्याचं मला कळतं. पण आधी काम.

जेकब


स्प्लिट
११ जून २०२३

जेकबकाका,

तुमच्या शिव्या बुधवारी संध्याकाळीच मिळाल्या, पाणी भरायला बंदरात थांबलो तेव्हा कप्तानानं तासभर फोन दिला. बरं वाटलं.

रबर घेतलं. बंदरावरच्या दुकानात मिळालं, निळं. गुरुवारी सगळं ठीक चाललं. शुक्रवारी परत वाजलं. मंडळी पायऱ्यांवर पोशाख चढवून तयार, आणि मी अजून अकराव्या सिलिंडरवर. डुबायला नेणारी मार्टा घड्याळ बघते. एक बाई म्हणाली, आमचा चाखणारा जेवण वाढेल कधी? सगळे हसले. आता बोटीवर माझं नावच ‘चाखणारा’ पडलंय. स्वयंपाकीपण तसंच हाक मारतो. हसून घेतो, काय करणार.

पण काका, नळीचं तुम्ही बरोबर धरलंत. कॉम्प्रेसर हवा ओढतो ती नळी पायऱ्यांच्या डाव्या अंगाला आणि जनरेटरचा धूर निघतो तो उजव्या अंगाला. मध्ये माझी दोन पावलं. बोट चालताना काय नाय होत. पण बेटाच्या आडोशाला नांगर टाकला आणि वारा उजवीकडून आला की धूर सरळ माझ्या नळीवर. मी कप्तानाला म्हटलं, तीन मीटर पाईप द्या, नळी वर गच्चीपर्यंत नेतो. तो वर गेला, बघून आला, म्हणाला, नाय, ती गाद्यांच्या मधून जाईल, वाईट दिसेल. मग म्हटलं, निदान हवा भरताना जनरेटर बंद ठेवा. तर पाहुण्यांच्या खोल्या गरम होतात.

तीन मीटर पाईप, काका! पेणच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्यानं हातात आणून दिला असता.

आज परत बोलावलं. म्हणाला, तुझ्या या चाखण्यानं रोज पंचवीस मिनिटं उशीर होतो. इथं फिल्टर हाय, फिल्टर किती तास चालला त्याची नोंद हाय, नियमात सगळं बसतं. तुला नियम पटत नसतील तर घरी जा. दुसरी ताकीद दिली. तिसरीला दाखला नाय.

मी अजून चाखतोय. पण खरं सांगतो, वैताग आलाय. एकटाच वेडा असल्यासारखं वाटतं. तुम्ही सांगाल तसं करीन. तुम्ही म्हणालात सोड, तर उद्या सोडून येतो.

मन्सूर


अष्टमी
१३ जून २०२३

आदरणीय जेकबकाका,

मन्सूरच्या पत्राबरोबर ही माझी चिठ्ठी जोडते आहे. तोंडावर बोलले असते, पण तुमच्याशी ओरडून बोलावं लागतं आणि हे ओरडून सांगायचं नाही.

काका, तुम्ही त्याला चढवता. रागावू नका, पण चढवता. धाटावच्या कंपनीत पक्की शिफ्ट मिळत होती, तिथे सुपरवायझरशी भांडला. कतारला गेला, दोन महिन्यांत परत आला, कारण काय तर तिथल्या फोरमनने दोर तपासला नाही. प्रत्येक वेळी त्याचंच बरोबर असतं आणि प्रत्येक वेळी घरी तोच येतो. एकतीस वर्षांचा झाला. रोह्यात कुणी विचारलं की भाऊ काय करतो, तर मला थांबून आठवावं लागतं.

आणखी तीन महिने गप्प राहिला तर हा दाखला मिळतो आणि तो आयुष्याला लागतो. माझं तो ऐकत नाही, अब्बांचंही ऐकत नव्हता. तुमचं ऐकतो. त्याने लिहिलंच आहे, तुम्ही सांगाल तसं करीन. तर काका, एकदाच त्याला सांगा की गप्प बस.

ती मोठी बोट आहे. युरोपातली माणसं आहेत. त्यांना स्वतःच्या जिवाची काळजी नसेल का?

तुमची
इशरत


पेण
१४ जून २०२३

चि. मन्सूर,

पत्र मिळालं.

तू परक्या बोटीवर आहेस. तिथले नियम तिथले. फिल्टर आहे, लिहिलेले तास आहेत, त्यांनीही विचार करूनच केलं असेल. आपली रीत खाडीतली, जुन्या कॉम्प्रेसरची. ती सगळीकडे लागू होते असं नाही.

कप्तान सांगतो तसं कर. चाखण्यावरून वाद नको. तीन महिने काढ आणि दाखला घेऊन ये.

इथे सर्व ठीक.

जेकब


स्प्लिट
२८ जून २०२३

जेकबकाका,

आज इथं ईद. ईद मुबारक म्हणायला तोंड नाय.

तुमचं चौदा तारखेचं पत्र अठराला हातात आलं. तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, काकांनी मला कंटाळून लिहिलंय. मग वाटलं, नाय, काकांना या वयात जे पटलं ते मलाच कसं पटत नाय? आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. रबर खिशात ठेवून दिलं. आठ दिवस चाखलं नाय. उशीर झाला नाय, कुणी हसलं नाय. मार्टानं मला कॉफी दिली.

सोमवारी सकाळी बेटाच्या आडोशाला नांगर टाकला. मी हवा भरली. वारा फिरलेला मला कळला, काका. गालावर कळला. जनरेटर चालू होता. मी दोन पावलं पलीकडं जाऊन नळीपाशी नाक नेलं, तेव्हा डिझेलचा थोडा वास आला. पण तेवढा वास त्या कोपऱ्यात रोजच येतो. खिशात हात घातला. रबर हाताला लागलं. मग मार्टानं हाक मारली आणि मी सिलिंडर उचलून दिले.

पाऊण तासानं हेन्रिकला वर आणलं. तोच, दातांचा डॉक्टर. पायऱ्यांवर ओकला आणि आडवा झाला. ओठ लाल. मी असे ओठ कधी बघितले नव्हते, पण तुम्ही सांगितले होते, धूर छातीत गेल्याचे. बाकीच्यांचं डोकं दुखत होतं, तेवढंच. तो सगळ्यात खोल गेलेला. हेलिकॉप्टर आलं. इथल्या दवाखान्यात बंद खोलीत घालून ऑक्सिजन देतात. वाचला. पण बायको सांगत होती की माणसं ओळखायला वेळ लागतो आणि उजव्या हाताची बोटं वळत नायत.

आता कप्तानानं एक कागद केलाय. त्यात लिहिलंय की सकाळी मन्सूरनं नियमाप्रमाणे हवा तपासली, ठीक होती. आणि हेन्रिकनं डुबायच्या आधी दारू घेतली होती, ती लपवली. मी सही करायची. केली तर दाखला आत्ताच, पुऱ्या चार महिन्यांचा. नाय केली, तर हवा भरायची जबाबदारी माझी होती, दोन ताकिदी माझ्या नावावर हायेत, पुढचं तू बघ.

त्यानं दारू घेतली नव्हती. सकाळी साडेनऊला कोण घेतं?

मंगळवार, चार तारखेपर्यंत मुदत हाय. बोट बंदरातच हाय, फोन माझ्याकडंच हाय. काका, दोन गोष्टी सांगा. सही करू का नको? आणि ते पत्र तुम्ही का लिहिलंत?

मन्सूर


पेण
३० जून २०२३

मन्सूर,

आज शुक्रवार आहे. दिवस मावळायच्या आत हे लिहून इशरतच्या हातात द्यायचं आहे, उद्या आमचा शब्बाथ, मी कागदाला हात लावणार नाही. म्हणून उलटंसुलटं झालं तर समजून घे.

ते पत्र माझं नव्हतं. हात माझा होता. तुझ्या भल्यासाठी लिहावं असं मला कुणी सांगितलं आणि मी लिहिलं. कुणी ते विचारू नकोस. सांगणाऱ्याचा दोष नाही. लिहिताना मला माहीत होतं की हे खोटं आहे. इतकं माहीत होतं की लिहून झाल्यावर परत वाचलंसुद्धा नाही.

आता दुसरं. चाखायची रीत माझ्या बापाची, असं मी तुला सांगत आलो. माझा बाप तेलाच्या घाण्यावर होता. त्याने खाडीत पाय घातला नाही. रीत माझी आहे आणि तिचं कारण मी तुला कधी सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही.

१९९४ साली माझ्याकडे सखा नावाचा पाणबुड्या होता. खाडीकाठचा, मिठागरातला. त्याच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. एका बार्जच्या पंख्यात दोर अडकला होता, भरती उलटायला आली होती आणि ठेकेदार डोक्यावर उभा. मी वाऱ्याकडे पाठ करून कॉम्प्रेसर चालू केला. इंजिनाचा धूर नळीत जात होता. मला वास आला, मन्सूर. तुला आला तसाच. मी म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम आहे. सखाला वर ओढला तेव्हा त्याचे ओठ लाल होते. तुला सांगितले ते हेच ओठ.

ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी कागद आणला. सखा दारू पिऊन पाण्यात उतरला, असं त्यात होतं. सखा पीत नव्हता. मी सही केली. तेव्हा माझी पोर शीरा दोन वर्षांची होती आणि मला काम हवं होतं. माझं काम राहिलं, आणि सखाची बायको सरू एकोणतीस वर्षं पेणमध्ये दारुड्याची बायको म्हणून राहिली. बाजारात ती समोरून आली की मी रस्ता ओलांडतो. तुला वाटायचं मला ऐकू येत नाही म्हणून मी लोकांना टाळतो. मी एकाच माणसाला टाळतो.

सही करू नकोस. दाखला गेला तर जाऊ दे. पुन्हा सांगतो, सही करू नकोस. तुला ही रीत शिकवली ती तू माझ्यासारखा होऊ नयेस म्हणून, आणि शेवटी मीच तुला ती सोडायला सांगितली. याचा मला किती संताप येतो हे लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. दिवसही मावळत आला.

जेकब


स्प्लिट
५ जुलै २०२३

जेकबकाका,

पाच दिवस वाट बघितली. रोज इशरतला विचारलं. ती म्हणाली, काकांनी काय दिलं नाय, वाचून नुसते बसून राहिले.

तुम्ही मला शिव्या द्याल असं वाटलं होतं. शिव्या चालल्या असत्या. पण तुम्ही कायच बोलला नाय. मग मी समजलो की आधीच्या पत्रात जे होतं तेच तुमचं म्हणणं. गप्प बस, दाखला घे.

काल संध्याकाळी सही केली. कप्तानानं पाठीवर थाप मारली आणि दाखला दिला. शिक्का, तारीख, सगळं हाय. पिशवीत सगळ्यात खाली ठेवलाय. अंगावर आल्यासारखा वाटतो म्हणून.

हेन्रिकची बायको आज बोटीवर सामान न्यायला आली होती. तिनं तो कागद वाचला होता. मला म्हणाली, माझा नवरा सकाळी कॉफीशिवाय काय घेत नाय, तू रोज बघायचास ना? मी तिचं सामान उचलून धक्क्यावर नेऊन ठेवलं.

तुमच्यावर रागावलोय. एवढं लिहून थांबतो.

मन्सूर


अष्टमी
७ जुलै २०२३

काका,

तुमचं तीस तारखेचं पत्र मी पाठवलं नाही. वाचलं, आणि पर्समध्ये ठेवलं. त्याला म्हटलं, काकांनी काही दिलं नाही.

मला वाटत होतं की ज्याचं व्हायचं ते होऊन गेलं, तो माणूस वाचला, आता निदान माझ्या भावाचं तरी नीट होऊ दे. सरूमावशींचं वाचलं तेव्हासुद्धा मी हाच विचार केला. चार तारीख निघून जाईपर्यंत रोज पर्स उघडून बघत होते.

काल रात्री त्याचा फोन आला होता. दाखल्याबद्दल एक शब्द बोलला नाही. अम्मीला विचारलं, मी लहान असताना खोटं बोलायचो का गो? अम्मी हसली. मला हसता आलं नाही.

आज ते पत्र त्याला पाठवलं, आणि पहिल्या वेळी तुमच्याकडून कुणी लिहून घेतलं तेही सांगितलं. तुम्ही मला घरात घेतलं नाहीत तरी चालेल, पण हे पत्र दाराखालून सरकवणार नाही. हातात देणार आहे.

इशरत


पेण
९ जुलै २०२३

मन्सूर,

हे पत्र इशरत माझ्यासमोर बसून पाठवणार आहे. तिला काही बोलू नकोस. मी ओरडलो, ती रडली, मग तिने चहा केला. दूध उतू घालवलं. आम्ही दोघांनीही तुझ्या भल्यासाठी केलं आणि दोघांनी मिळून तुला खड्ड्यात घातलं.

काल शनिवार. दिवसभर बसून होतो. आज सकाळी सरूकडे गेलो. ती गणपतीच्या कारखान्यात रंगाचं काम करते. आता ऐन घाईचे दिवस, आठ-दहा बाया ओळीने बसलेल्या. मी तिला म्हटलं, जरा बाहेर ये, बोलायचं आहे. ती म्हणाली, इथंच बोला, माझा रंग वाळेल. मला ऐकू येत नाही म्हणून मी हळू बोलतोय की मोठ्याने हेही मला कळत नाही. तर मी सगळं सांगितलं. वारा, धूर, कागद, सही. मोठ्यानेच सांगितलं असणार, कारण सगळ्या बायांचे हात थांबले.

सरूचा थांबला नाही. सोंडेवरची रेघ तिने पुरी केली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “सखा पीत नव्हता, हे मला तुमच्याकडून कळायचं होतं व्हय? मला ठाऊकच होतं. मला एवढंच ठाऊक नव्हतं की तुम्हालाबी ठाऊक हाय.”

आणि पुढच्या मूर्तीला हात घातला. मी उभा होतो, उभाच राहिलो. मग एका बाईने मला वाट करून दिली. माफी मागायची राहून गेली. मागितली असती तरी तिने काय करायचं होतं तिचं?

मी एकोणतीस वर्षं उशीर केला. तुला पाच दिवस झालेत. माझ्या वेळी ज्याला सांगायचं तो उरला नव्हता. तुझा माणूस दवाखान्यात बसून श्वास घेतोय. त्याच्या बायकोच्या नव्हे, कप्तानाच्या नव्हे, त्याच्या तोंडावर जाऊन सांग. मी तुला दोनदा चुकीचं वळण दिलं आहे, एकदा खोटं लिहून आणि एकदा खरं उशिरा लिहून. त्यामुळे या वेळी माझं ऐकायलाच हवं असं नाही. तुझं तू ठरव.

जेकब


स्प्लिट
१३ जुलै २०२३

जेकबकाका,

इशरतशी बोललो. आधी फोन ठेवला तिचा, मग मीच परत लावला. तुमचं तीस तारखेचंपण वाचलं. त्यावर काय लिहिणार. घरी आलो की जेटीवर बसून बोलू. मी कागदावर लिहीन, पण बोलू.

काल दवाखान्यात गेलो. हेन्रिक खिडकीपाशी खुर्चीत होता. मांडीवर एक रबरी चेंडू, उजव्या हातानं दाबत होता. दाबला जात नव्हता. मला त्यानं लगेच ओळखलं नाय. बायकोनं सांगितलं, बोटीवरचा तो, हवा भरणारा. मला येते तेवढ्या इंग्रजीत मी बोललो. दारूचं खोटं हाय म्हटलं. धूर नळीत जात होता म्हटलं. मीटर बंद होतं, पाईप मागितला होता, हवा तपासली नव्हती आणि तपासली म्हणून मी सही केली. मग तिथंच बसून नवा कागद लिहिला, आपल्या हातानं, आणि त्याच्या बायकोला दिला. तिनं दोनदा वाचून घेतला, माझ्याकडं बघितलं नाय.

बोटीवर परत गेलो तर कप्तानाला आधीच फोन गेला होता. पिशवी धक्क्यावर ठेवलेली. दाखला त्यानं मागून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. परवाच्या विमानानं मुंबईला येतोय. पोलिसांना जबाब दिलाय, लागलं तर परत यायला लागेल म्हणाले.

पण तुम्हाला सांगायचं वेगळंच हाय. मी निघालो तेव्हा हेन्रिकनं मला थांबवलं. शब्द शोधायला त्याला वेळ लागतो, मी उभा राहिलो. त्यानं विचारलं, “त्या दिवशी सकाळी तुला माहीत होतं?”

मी म्हटलं, व्हय, वास आला होता.

तो म्हणाला, “मग का दिलीस?”

काका, तेव्हा सगळं माझ्या तोंडात आलं होतं. तूच तक्रार केलीस म्हणणार होतो. कप्तानाच्या ताकिदी होत्या, इशरतची चिठ्ठी होती, तुमचं पत्र होतं. एकेक करून सगळ्यांची नावं सांगता आली असती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मी कुणाचं नाव घेतलं नाय. हवा मी भरली होती.

मन्सूर